वच्छीची माय आणि साती आसरा

एकदा काय झालं, बरं का, एक मुलूख होता. त्या मुलखात जिकडं बघावं तिकडं तळी. गावाला तळं आणि तळ्याला गाव. अशाच एका तळ्याच्या काठी मंसाराम नावाचा एक ढीवर राहायचा. ढीवर म्हणजे मासे धरणारा, डोंगा म्हणजे लहानशी होडी चालवणारा. त्याच्या बायकोचं नाव कौतिका. त्यांना एक मुलगी होती, वच्छी. आणि एक रांगता मुलगा होता, बुधा. वच्छी तुझ्याएवढी असेल, सुमन. पुढचे दोन दात पडलेले होते तिचे. तू पाय आत घे आधी, मग सांगते पुढचं.

तर मंसाराम मासे धरायचा आणि कौतिका तळ्यात शिंगाडे लावायची. शिंगाडा झाडाला लागत नाही, बरं का. पाण्यावर वेल पसरते. तिची पानं तरंगतात. आणि त्या पानांच्या पोटाशी, पाण्यात, शिंगाडे धरतात. हिरवे, दोन शिंगांचे. कौतिका डोंग्यात बसायची, एकेक वेल उचलून खाली बघायची, पुन्हा पाण्यावर अलगद ठेवायची. आणि हे सगळं करताना ती गायची.

काय सांगू तिचा आवाज. काठावर धुणं धुणाऱ्या बाया हातातलं लुगडं हातात धरून थांबायच्या. बुधा कितीही रडत असला तरी गप्प व्हायचा, आणि गप्प झाला की झोपायचा. एक ओवी ती फार म्हणायची.

तळ्याच्या पाण्यामंदी, वेल पसरं शिंगाड्याची
माझी गं बाळी वच्छी, लेक माझ्या आवडीची

वच्छी चांगली पोर होती. खोटं बोलायची नाही, भावाला सांभाळायची. पण तिला थांबणं म्हणून माहीत नव्हतं. काहीही असो, तिला ते आत्ताच हवं. चुलीवर भात रटरटायला लागला की ही झाकण काढून बघायची. इतक्यांदा बघायची की भात बिचारा कच्चाच राहायचा. मायनं परसात घेवड्याचं बी पेरलं तर ही दुसऱ्या दिवशी माती उकरून बघायची, मोड आला का म्हणून. मग परत पुरायची. मग परत उकरायची. कसला येतोय घेवडा. आणि कोंबडी अंड्यांवर बसली की तिला उठवून अंडी कानाशी धरायची. गावातली माणसं हसून तिला आत्ताबाई म्हणायची. मंसाराम कधीकधी ओरडायचा. कौतिका ओरडायची नाही. ती म्हणायची, लहान आहे, शिकेल.

आता त्या तळ्याची एक गोष्ट सांगायची राहिली. तळ्याच्या एका अंगाला करंजाचं झाड होतं, आणि झाडाखाली ओळीनं शेंदूर लावलेले सात दगड होते. ते साती आसरांचं ठाणं. आसरा म्हणजे पाण्यातल्या बहिणी. पाण्याची राखण त्यांची. त्या कुणाचं वाईट करत नाहीत. पण भर दुपारी, ऊन डोक्यावर आलं की त्या सातीजणी अंघोळीला वर येतात. तेवढा वेळ तळं त्यांचं. तेव्हा गावातलं कुणी पाण्यात पाय घालायचं नाही. बाया घागरी घेऊन थांबायच्या. गुराखी म्हशी थांबवायचे. ऊन कललं की मग जायचं. पिढ्यान् पिढ्या असंच चालत आलेलं.

मग एका वर्षी काय झालं, पोळा होऊन गेला होता. शिंगाड्याला पांढरी फुलं येऊन गेली होती आणि पानांखाली इवली इवली फळं धरली होती. वच्छीनं ती पाहिली आणि तिच्या तोंडाला पाणी सुटलं. मायला म्हणाली, मला शिंगाडे दे. माय म्हणाली, दसऱ्याला देते, आत्ता त्यात नुसतं पाणी आहे. वच्छी म्हणाली, मला पाण्याचेच दे. माय म्हणाली, बरं, ऊन कलू दे, मग दोन आणून देते. दुपार झाली आहे, आत्ता पाण्यात जात नाहीत.

पण ऊन कलेपर्यंत वच्छीला कुठलं थांबवायला. ती रडायला लागली. मग जमिनीवर लोळायला लागली. जेवायला वाढलं तर ताट ढकललं. तिच्या रडण्यानं बुधा उठला, तोही रडायला लागला. मंसाराम बाजाराला गेलेला. घरात नुसता आकांत. कौतिका सकाळपासून दमलेली होती. शेवटी तिनं डोंग्याचा बांबू उचलला आणि म्हणाली, काठावरचेच आणते, एवढ्यात येते, बुधाकडं बघ.

आणि ती गेली.

वच्छीनं डोळे पुसले. बुधाला मांडीवर घेतलं. तळ्यावरून मायची ओवी ऐकू येत होती. बुधा पेंगायला लागला. आणि मध्येच, ओवी अर्धी असताना, आवाज थांबला.

वच्छीला वाटलं, माय खाली वाकली असेल. ती वाट बघत बसली. मग दारात आली. तळं अगदी शांत होतं. मधोमध डोंगा होता. त्यात कुणी नव्हतं. तो आपला आपणच गोल गोल फिरत होता.

मग गाव जमलं. मंसाराम बाजारातून धावत आला. त्यानं तळ्यात बुड्यांवर बुड्या मारल्या. लोकांनी बांबू टाकून पाहिलं, जाळी ओढून पाहिली. जाळ्यात मासे आले, शेवाळ आलं. कौतिका नाही आली. शेवटी म्हातारी माणसं म्हणाली, आता शोधू नका. ती बुडालेली नाही. तिचं गाणं आसरांना आवडलं असेल. आसरांनी तिला ठेवून घेतलं.

पण ती भर दुपारी पाण्यात गेलीच कशाला, असं सगळे एकमेकांना विचारत होते. वच्छी दाराआड उभी होती. तिनं काही सांगितलं नाही. तिला सांगवलंच नाही.

मग घर कसं झालं सांगू. शेजारच्या पार्बताकाकू बुधाला शेळीचं दूध पाजायच्या. दूध तो प्यायचा, पण झोपायचा नाही. दाराकडं तोंड करून बसायचा. मंसाराम जाळं घेऊन जायचा आणि तसाच परत यायचा, कोरडं जाळं घेऊन. आणि वच्छी चुलीपुढं बसायची. भात शिजत असायचा, आणि ती झाकणाला हात लावायची नाही. आता भात शिजला काय नि नाही काय.

असे काही दिवस गेले. मग एका दुपारी ती उठली. मायच्या ठेवणीतल्या हिरव्या बांगड्या घेतल्या. कोयरीतलं हळदकुंकू घेतलं. पानावर दहीभात घेतला. आणि करंजाखाली, त्या सात दगडांपाशी जाऊन बसली. सगळं पुढं मांडलं. तळ्यावर ऊन तळपत होतं. पाखरू हलत नव्हतं.

तेवढ्यात पाणी हललं. कमळं उगवावीत तशी सात डोकी वर आली. त्यातली थोरली काठाशी आली. तिचं लुगडं शेवाळासारखं हिरवं होतं. केस घोट्यापर्यंत ओले, पण त्यांतून एक थेंब गळत नव्हता. घाबरू नका रे, मी म्हटलं ना, त्या वाईट नसतात. वच्छीसुद्धा घाबरली होती, पण पळाली नाही.

तिनं हात जोडले आणि म्हणाली, माझ्या मायला सोडा.

थोरली म्हणाली, "तिनं आमच्या वेळेला पाण्यात पाय घातला."

वच्छी म्हणाली, "तिनं नाही घातला. मी घालायला लावला. ती थांब म्हणत होती."

एवढे दिवस पोटात ठेवलेलं ते एकदम बाहेर आलं. थोरलीनं मागं वळून बहिणींकडं पाहिलं. मग म्हणाली, देऊ तुझी माय परत. पण एक लक्षात ठेव. पाणी घेतं पटकन आणि देतं सावकाश. पाण्यातून माणूस एकदम येत नाही. आधी तिचा आवाज येईल. मग तिचं रूप येईल. मग ती स्वतः येईल. आवाज आला की हाक मारायची नाही. रूप आलं की हात लावायचा नाही. ती स्वतः आली की ओढायचं नाही. दोन्ही पाय काठाच्या कोरड्या पायरीवर टेकेपर्यंत नुसतं बसून राहायचं. जमेल?

वच्छी म्हणाली, जमेल. तिला वाटलं, त्यात काय मोठंसं.

मग दुसऱ्या दिवशी उजाडताच ती पायरीवर जाऊन बसली. पाण्यावर धुकं होतं. सकाळ गेली. काहीच नाही. दुपार गेली. काहीच नाही. तिनं खडे वेचले, गवताच्या काड्या मोडल्या. तिला वाटलं आसरांनी फसवलं. आणि ऊन उतरायला लागलं तशी लांबून, पार तळ्याच्या पलीकडून, ओवी ऐकू आली.

अगदी बारीक. मुंगीच्या पावलानं यावी तशी. ती शिंगाड्यांच्या पानांवरून पुढं आली, थांबली, परत पुढं आली. वच्छीनं तोंडावर हात दाबून धरला. ओवी आणखी जवळ आली. आता शब्द कळायला लागले. तळ्याच्या पाण्यामंदी. मायच होती ती. तोच आवाज, तीच श्वास घ्यायची जागा. वच्छीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण ती बोलली नाही. आवाज कमळांपाशी आला. आवाज लव्हाळ्यापाशी आला. आणखी चार हात आला असता तर काठाला लागला असता. आणि तेवढ्यात ओवीत तिचं नाव आलं. माझी गं बाळी वच्छी.

आणि वच्छीच्या तोंडून गेलंच. "माय."

झालं. आवाज तिथंच फुटला. काचेचं भांडं पडावं तसा. पाण्यावर एक थरथर उठली, पार पलीकडच्या काठापर्यंत गेली, आणि तळं गप्प झालं. वच्छी वाट बघत बसली. अंधार पडेपर्यंत बसली. ओवी परत आली नाही.

मग ती घरी गेली आणि मंसारामला तिनं सगळं सांगितलं. हट्ट केला तेही सांगितलं, आसरा भेटली तेही, हाक मारली तेही. तिला वाटलं बा मारेल. मारलं असतं तर बरं, असंही वाटलं. मंसारामनं मारलं नाही. कोपऱ्यातलं जाळं ओढून घेतलं आणि त्याची फाटकी जागा विणत बसला. विणता विणता एवढंच म्हणाला, उद्या मी येतो.

मग दुसऱ्या दिवशी दोघं जाऊन बसली. आणि खरंच, बरं का, सकाळच्या उन्हात मायचं रूप आलं. काठावर कुणी उभं असलं की पाण्यात कसं दिसतं? तसं. पण काठावर कुणी नव्हतं. पाण्यात मात्र कौतिका होती. कपाळावर तेच मोठं कुंकू, केस सुटलेले, डोळे मिटलेले. रूप हळूहळू पायरीकडं सरकत होतं. वारा आला की हलायचं, वारा पडला की पुन्हा जुळायचं.

वच्छीनं आज ओठ घट्ट मिटले होते. हात पोटाशी धरले होते. पण मंसारामला कुठलं बघवायला. तो उठला. खांद्यावरचं जाळं त्यानं हातात घेतलं. याच तळ्यात त्यानं तिच्यासाठी बुड्यांवर बुड्या मारल्या होत्या, आणि आता ती समोर दिसत होती. त्यानं जाळं फेकायला हात मागं नेला.

वच्छीनं त्याच्या पायांना मिठी मारली.

"बा, नको. मी काल हेच केलं," ती म्हणाली. "थांब. तिला येऊ दे."

मंसारामचा हात वरच राहिला. पण जाळ्याची एक कड सुटली होती, ती पाण्याला लागलीच. कौतिकेच्या केसांपाशी लागली. तेवढंच पाणी मोडलं. बाकीचं रूप तसंच राहिलं. मंसारामनं जाळं मागं टाकलं आणि मटकन खाली बसला. एवढा मोठा गडी, पण लहान पोरासारखा रडला. वच्छी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती, आणि डोळे पाण्यावरून काढत नव्हती. हळूहळू रूप पायरीशी आलं आणि तिथं निवांत राहिलं.

सुमन, जागी आहेस ना? आणि हा किसन? बरं, त्याचे डोळे उघडे आहेत अजून.

मग राहिलं काय? माय स्वतः यायची राहिली. आणि ते सगळ्यांत अवघड. कारण तिला फार वेळ लागला. किती दिवस, ते वच्छीनं मोजले नाहीत. आधी नुसता केसांचा भांग वर आला. तो तेवढाच. दुसऱ्या दिवशी बघावं तर तेवढाच. मग कपाळ आलं. मग मिटलेले डोळे आले. पाणी गालावर असताना ती किती दिवस तशीच होती. मासे यायचे, तिच्या केसांतून फिरायचे आणि जायचे.

गाव बघायला यायचं. कुणी म्हणालं, काखेत दोर घालून ओढा. कुणी म्हणालं, सगळे मिळून खांद्याला धरू, केवढंसं पाणी आहे ते. वच्छी सगळ्यांना नको म्हणायची. रागावून नाही. ती नुसती मान हलवायची आणि पुन्हा तळ्याकडं बघायची. मंसारामला ती म्हणाली, तू घरी बुधाकडं बघ, मी इथं आहे. पार्बताकाकू भाकरी आणून द्यायच्या, ती पायरीवरच खायची.

पाऊस आला, ती डोक्यावर घोंगडं घेऊन बसली. घट बसले, गावात आरत्या झाल्या, सोनं लुटून झालं. शिंगाडे पिकले. बाकीच्यांनी आपापले काढले, उकडले, पोरांनी खाल्ले. पार्बताकाकूंनी वच्छीलाही ओंजळभर आणून दिले. तिनं ते पायरीवर ठेवून दिले, ते तिथंच वाळले.

आणि मग एका सकाळी कौतिका कमरेइतकी वर आली. तिनं एक पाऊल उचललं. पायरीला शेवाळ होतं. तिचा पाय सटकला आणि ती मागं गेली, पाणी तिच्या गळ्याशी आलं.

वच्छीचा हात पुढं गेला. गेला होताच, बरं का. अगदी पदराला लागायचा राहिला. मग तिनं तो हात मागं ओढला आणि मांडीखाली दाबून त्याच्यावर बसली. दुसराही दाबला. आणि डोळे उघडे ठेवून बघत राहिली. मिटले असते तर सोपं गेलं असतं. कौतिका गळ्याइतक्या पाण्यात डुलत होती. पुढं की मागं, काही कळत नव्हतं. मग तिनं पाय चाचपला. शेवाळ नसलेली जागा सापडली. ती कमरेइतकी वर आली. मग गुडघ्याइतकी. मग एक पाय कोरड्या पायरीवर आला. वच्छी हलली नाही. मग दुसरा आला.

आणि कौतिकेनं डोळे उघडले.

मग मात्र वच्छी तिच्या कमरेला बिलगली. माय ओलीचिंब होती, गारढोण होती, पण मायच होती. जाळ्याची कड लागली होती तिथले केस फेसासारखे पांढरे झाले होते. कौतिकेनं लेकीचं तोंड वर केलं. हसली. तिला काहीतरी म्हणायचं होतं. तिनं तोंड उघडलं, ओठ हलले. आणि आवाज आला नाही. भरलेली घागर कलली की आत कसं बुडबुडतं, तेवढंच काहीतरी झालं.

वच्छीला आधी कळलंच नाही. मग कळलं.

घरी सगळे जमले. मंसाराम दाराशी उभा राहून नुसता बघत होता. बुधा रांगत आला आणि मायच्या मांडीवर चढला. तिच्या तोंडाकडं बघत राहिला. तिनं त्याला छातीशी घेतलं, डोलायला लागली, तिचे ओठ हलायला लागले. बुधा वाट बघत होता. ओवी काही येईना. त्यानं तिच्या ओठांवर बोटं ठेवली. मग तसाच, बोटं ठेवूनच, किती वेळानं झोपला. वच्छी उठली आणि बाहेर निघून गेली.

ती कुठं गेली असेल? बरोबर. करंजाखाली. दुपार होती. थोरली आसरा वर आली. वच्छी म्हणाली, मायचा आवाज तुमच्याकडं राहिला आहे, तो द्या.

थोरली रागावली नाही. ती म्हणाली, ठेवून घेतलेला असता तर दिला असता. तुझ्या हाकेनं तो फुटला आणि पाण्यात विरला. मीठ विरतं तसा. आता कुठलं पाणी आणि कुठला आवाज, ते आम्हालाही वेगळं करता येत नाही.

वच्छी म्हणाली, "मी थांबते. आता येतं मला थांबता. कितीही दिवस थांबते."

थोरलीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "कळलं मला," ती म्हणाली. "पण आता थांबून यायचं त्यात काही नाही, पोरी. तू घरी जा."

आणि ती पाण्यात गेली.

वच्छी तिथंच बसून राहिली. रडलीसुद्धा नाही. रडू यायला जागाच नव्हती. ऊन कललं. मग मागून कुणीतरी आलं आणि तिच्याशेजारी बसलं. कौतिका होती. तिच्या ओटीत शिंगाडे होते, वेलीवर राहिलेले शेवटचे. तिनं एक घेतला, त्याची शिंगं मोडली, दातानं साल काढली, आणि आतला पांढरा गर वच्छीच्या तोंडाशी धरला. वच्छी तोंड उघडेना. कौतिकेनं हात तसाच धरून ठेवला. किती वेळ धरला असेल. मग वच्छीनं तोंड उघडलं. गर गोड होता. पिकला होता ना तो. आणि मग तिला रडू आलं, आणि माय तिला पोटाशी धरून बसली. तिला रडू दिलं. गप्प हो असं तिला म्हणता येत नव्हतं, आणि म्हणायचंही नव्हतं.

मग काय. दिवस गेले. कौतिका हातांनी बोलायला लागली. बोटांनी, मानेनं, डोळ्यांनी. आधी कुणाला काही कळायचं नाही. मंसाराम मध्येच म्हणायचा, कळलं कळलं, आणि भलतंच आणून द्यायचा. वच्छी तसं करायची नाही. मायचे हात पुरते थांबेपर्यंत ती बघायची आणि मग बोलायची. त्यामुळं गावात कुणाला कौतिकेशी काही बोलायचं असलं की ते आधी वच्छीला बोलावायचे. आत्ताबाई म्हणायचं लोकांनी कधीच सोडून दिलं होतं.

आणि बुधाला झोपवायला वच्छी ती ओवी म्हणायची. आवाज मायसारखा नव्हता तिचा. बाया काही धुणं थांबवायच्या नाहीत. पण बुधा झोपायचा. वच्छी ओवी म्हणायला लागली की कौतिका हातातलं काम खाली ठेवून ऐकायची. आणि वच्छीचं नाव यायचं तिथं वच्छी हमखास अडखळायची. दर वेळी. मोठी झाली तरी.

मग मंसारामचं जाळं पुन्हा भरायला लागलं. बुधा मोठा झाला, डोंगा चालवायला लागला. वच्छीचं लग्न झालं, शेजारच्याच तळ्यावर दिली तिला. पोळ्याला, दसऱ्याला माहेरी यायची. तिलाही पोरं झाली. सगळी माणसं सुखात राहिली, चांगली म्हातारी होईपर्यंत.

काय रे किसन? आवाज ना?

नाही आला, बाळा. तो काही परत आला नाही.

असू दे. तू का रडतोस. माय तर आली ना घरी. ये, इकडं सरक जरा. सुमन झोपलीसुद्धा बघ. मी दिवा बारीक करते. तू नुसता पडून राहा, मी आहे इथंच.